लाकडाची सेबोम

३ मार्च

ते तोंड सेबोमचं आहे!

माझी चूक होत नाहीये. डाव्या कानाची पाळी वरून दुमडलेली – तशीच. खालच्या ओठाखाली खळगा – तसाच. प्यो बाईंच्या कामाच्या बाकावर ती बाहुली आडवी पडली होती, नाकात लाकडाचा भुसा. अजून रंग नाही. डोळे नाहीत, नुसते दोन खड्डे. पण तीच. माझी पोर, आठ महिन्यांची.

आणि बाई तिला मयताच्या पालखीवर बसवणार.

मी ब्रश धुतले आणि निघून आले.  

४ मार्च

ही वही नर्सनं दिलीय. दूध किती, झोप किती, ओठ कधी निळे पडले ते लिहायला. एकवीस तारखेला ऑपरेशन, ग्वांगजूच्या मोठ्या दवाखान्यात. हृदयाला भोक आहे आणि रक्ताची एक वाट अरुंद आहे. डॉक्टर बरंच बोलले, मला त्यांनी काढलेलं चित्र तेवढं कळलं. शाळा मी नववीतच सोडली.

पुढच्या पानांपासून सेबोमचं लिहिते, मागच्या पानांपासून माझं. कुणाला सांगणार? गावात सगळे मला सेबोमची आई म्हणतात. सेबोमच्या आईनं असं काही तोंडातून काढायचं नसतं.

५ मार्च

दिवसभर तिच्याकडे पाठ करून काम केलं.

बाईंकडे मी दोन वर्षं रंग देते. प्यो बाई. सोलमध्ये, परदेशात नाव आहे त्यांचं, पण राहतात आमच्या जिंदो बेटावर, बंद पडलेल्या शाळेत. तिसरीच्या वर्गात लाकूड. चौथीच्या वर्गात रंग. पाचवीच्या वर्गात तयार झालेली लाकडी मंडळी ओळीनं उभी, हजेरी घ्यावी तशी. जुन्या काळी मयत न्यायच्या पालखीवर ही माणसं बसवायचे – एक वाट दाखवायला, एक राखणीला, एक नुसता हसवायला. कोक्दू. पुरून आल्यावर पालखीसकट जाळायचे. आता मयत काळ्या गाडीतून जातं. बाईंनी मात्र ट्रकाएवढी पालखी केलीय. बावीस तारखेपासून ग्वांगजूच्या म्युझियममध्ये लोक तिकीट काढून बघणार.

आणि त्यांचे कोक्दू म्हणजे! हेल्मेट घातलेला पार्सलवाला, त्याच्या मागे वाघ बसलेला, वाघाच्या पायात रबरी बूट. समुद्रातून शंख काढणारी म्हातारी – ऑक्टोपसवर मांडी घालून, कानाला मोबाइल. खाली डोकं वर पाय करून नूडल्स खाणारा एक. बाई म्हणतात, "लांबचा रस्ता आहे गं. मेलेल्याला कंटाळा येता कामा नये."

मी हसायचे. आज नाही हसले.

डोळे सगळ्यात शेवटी घालायचे. डोळे घातले की ते मेलेल्याबरोबर निघालं. आणि डोळे मीच घालते – बाईंचा हात हल्ली कापतो.

६ मार्च

विचारलं एकदाचं.

"बाई, हे कोण?"

"पोर."

"कुणाची?"

बाईंनी सिगारेट विझवली, कॉफीची पुडी फाडली. "पालखीवर एक तरी पोर लागतं. मोठी माणसं रडत राहतात, पोर हसवतं."

"पण कुणाची, बाई?"

"गालांना गुलाबी लाव. फार नको, थंडीत येतं तेवढंच."

बस. मी गाल रंगवले. माझ्या हातानं. लावता लावता – खोटं कशाला सांगू – बोटं आपोआप तिच्या हनुवटीखाली गेली, गुदगुल्या करतात तशी.

७ मार्च

सेबोमला आज दिवसभर खाली ठेवलं नाही.

९ मार्च

सकाळी रडायला लागली ती थांबेना. ओठ निळे. मग नखं. मी तिचे गुडघे छातीशी दाबून धरले, नर्सनं शिकवलं तसे, आणि आकडे म्हणत बसले. चाळीसला रंग परत आला.

सासूबाई दारात उभ्या. "तुझ्याच अंगात रक्त नाही, दुधात कुठून उतरणार!" एवढं बोलून गमबूट चढवले आणि शेतावर. पातीचे कांदे उपटायचे राहिलेत म्हणे. पोर निळी पडलीय आणि ह्यांना कांदे सुचतात!

लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. भात मऊ झाला. भात कडक झाला. बाहुल्या रंगवून कुणाचं पोट भरतं? आमच्या घराण्यात कुणाचं काळीज फुटकं नव्हतं. सेबोमचं नावही नाही घेत त्या. "ए कुत्र्याची शी" म्हणतात. जुनी माणसं दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते ठाऊक आहे मला. पण आवाजावरून कळतं की. यांचा आवाज तसा नाही.

१० मार्च

मला वाटतं त्या ते मनापासूनच म्हणतात. मला वाटतं त्यांना ती नकोच आहे.

हे खोडायला पाहिजे. नाही खोडत.

१२ मार्च

सेबोमच्या बाबांचा फोन आला, जहाजावरून. टूना पकडायला गेलेत, मे महिन्याशिवाय येत नाहीत. मी सगळं सांगितलं. हसले!

"अगं लाकूड आहे ते."

"तोंड सेबोमचं आहे."

"लहान पोरं सगळी सारखीच दिसतात. बाईंनी दुसरं पोर बघितलंय कुठलं? गावात आहेच एक."

ते खरं आहे. आमच्या गावात सात वर्षांत एकच बाळ झालं.  मग लाईन गेली.

१४ मार्च

आज बाई सरळच म्हणाल्या, "सेबोमआई, त्या पोरीचे डोळे राहिलेत. अठराला पालखी न्यायला ट्रक येतोय."

मी म्हटलं, घालते. उद्या.

१६ मार्च

ब्रश हातात घेतला. काळा रंग घोटला. तीन केसांचा ब्रश, माझा आवडता. टोक खड्ड्यापर्यंत नेलं.

नाही झालं. कशी घालू? आजवर शंभर कोक्दूंना डोळे घातलेत मी. एकेकाला म्हणते, "चला, नीट जा." हिला काय म्हणू?

बाई खिडकीतून बघत होत्या.  त्यांनी ओरडायला हवं होतं, मग मीही ओरडले असते.

१७ मार्च

चोरली मी तिला.

बाई जेवायला गेल्या होत्या. सेबोम घरी सासूबाईंजवळ. माझी पोदेगी खुंटीवर होती, पोर पाठीशी बांधायची दुलई. दुसरं काही सुचलं नाही. कोक्दूला पाठीवर घेतलं, वरून दुलई गुंडाळली, पट्टे छातीवर आवळले आणि चालायला लागले. हातभर लांबीची, वजनाला जवळजवळ सेबोमएवढीच. डोकं माझ्या पाठीला टेकलेलं. चालता चालता मी एक हात मागे नेऊन तिला थोपटत होते. सवयच ती!

आणि दुकानवाली आजी नेमकी बाहेर बसलेली.

"सेबोमच्या आई! झोपली का गं?"

"झोपली."

"बघू तरी तोंड."

"नको आजी, वारं लागेल."

ऐकते कुठली. आली, आणि पाठीमागून थापटलं. टक् वाजलं! 

"अगं बाई, अंगानं केवढी कडक झालीय ही!"

"जाड कपडे घातलेत."

"दवाखान्यात ने गं लवकर. लाकडासारखी लागतेय."

मी पळालेच. घरी येऊन किमचीच्या फ्रिजमागे कोंबली, वर पोतं टाकलं. आता पालखी जाऊ दे कुठे जायची ती. सेबोम तिच्यावर नाही.

किती हलकं वाटतंय! दोन आठवड्यांनी दोन घास धड जेवले.

१८ मार्च

काय करून बसले मी.

ट्रक दुपारी गेला. बाईंनी विचारलंही नाही. मी घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, पोतं बाजूला, कोक्दू मांडीसमोर. तोंडावर रक्त नाही.

"हे इथं कसं आलं?"

"मी आणलं."

"कशातून?"

"पोदेगीत. पाठीवरून."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पाठीवर घेतलंस? अगं येडे! पाठीवर घेतलंस म्हणजे आपलं म्हणालीस की त्याला!"

मग सगळं बाहेर आलं. ती त्यांनीच करवून घेतलीय. बाईंकडून. लाकडाची पोर करायची, तोंड हुबेहूब, पोटात नाव लिहिलेला कागद घालायचा, आणि मयताच्या पालखीवर चढवून घराबाहेर काढायची. जीव न्यायला येणारे तीच घेऊन जातात. खरी मागे राहते. त्यांच्या आईनं त्यांच्या भावासाठी केलं होतं, गवताचा बाहुला करून. तो भाऊ अजून आहे, मोक्पोमध्ये टॅक्सी चालवतो.

"मग मला का नाही सांगितलं?"

"आईला सांगायचं नसतं! आईचा जीव ओढतो, मग ते जात नाही. आणि तू – घरात आणलंस, तिच्या उशापासून चार हातांवर ठेवलंस! आता दोन पोरी आहेत या घरात. कुठली न्यायची ते त्यांनी कसं ओळखायचं?"

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुम्ही तिला एकदा तरी नावानं हाक मारली असती तर मला वेगळं वाटलं असतं! त्यांनी पोत्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "आता ज्यानं पाठीवर घेतलं त्यानंच नेऊन द्यायचं. आणि डोळे घालून. आंधळ्याला वाट दिसत नाही."

तेवढ्यात सेबोम उठली आणि रडायला लागली. आम्ही दोघी धावलो. गुडघे छातीशी. या वेळी साठपर्यंत मोजावं लागलं. सासूबाई मोजत होत्या, माझ्यापेक्षा मोठ्यानं.

१९ मार्च

ग्वांगजू. दवाखान्यात भरती केलं. कोक्दू बॅगेत आहे, लंगोटांच्या खाली. बॅग मी सेबोमच्या पलंगापासून लांब, बाहेरच्या बाकाखाली ठेवलीय आणि दर पाच मिनिटांनी उठून बघतेय. नर्सला वाटतंय, मला जुलाब झालेत.

२० मार्च

नर्सजवळ सेबोमला एक तास ठेवलं आणि म्युझियममध्ये गेले. टॅक्सीनं.

पालखी उभी होती. शाळेत तुकड्यातुकड्यांत बघितली होती, अशी अख्खी कधी नाही. छतापर्यंत! लाल, हिरवी, पिवळी, आणि प्रत्येक कठड्यावर आमची मंडळी. सगळी माझ्याकडे बघतायत, मीच दिलेल्या डोळ्यांनी. म्युझियमची हातमोजे घातलेली पोरंपोरी दबक्या आवाजात बोलत इकडून तिकडे. बाई शिडीवर. पार्सलवाल्याच्या पुढे एक जागा रिकामी ठेवलेली.

"उशीर केलास," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुकानवालीनं फोन केला ना. म्हणे, सेबोम लाकडासारखी लागतेय, तुमची गाडी द्या, दवाखान्यात नेऊ." शिडीवरून उतरल्या. "तेव्हाच समजले, कुठली सेबोम ते."

मला हसू येत होतं आणि रडू येत होतं. मी विचारलं, तुमचा विश्वास आहे का या सगळ्यावर?

"अजिबात नाही. तुझ्या सासूला तोंडावर सांगितलं – मी बाहुल्या करते, मरणाला फसवायचं काम माझं नाही. तर शाळेच्या पायरीवर बसून राहिली. तीन दिवस. तेही जानेवारीत. चौथ्या दिवशी मोबाइलमधला फोटो माझ्या नाकासमोर धरला." खिशातली सिगारेट चाचपली आणि सोडून दिली. "एकदा कोरायला घेतल्यावर मात्र मला सोडवेना. असलं तोंड चाळीस वर्षांत माझ्या हातून उतरलं नाही. हे खरं कारण. राग आला तर येऊ दे तुला."

राग आला. पण त्या खरं बोलल्या, म्हणून मीही खरं बोलले. म्हटलं, लाकूड जाऊ दे, नाव जाणार नाही. पोटातला कागद काढून द्या. सेबोमचं नाव मी कुठल्या पालखीवर चढवणार नाही.

"तुझी सासू माझा जीव घेईल."

"त्यांना सांगू नका."

बाईंनी पटाशीनं पोटाची खुंटी उचकटली. आत बोटाएवढी गुंडाळी. लाल शाई, सगळी जुनी चिनी अक्षरं. मला त्यातलं एकही येत नाही. बाई चष्मा शोधत होत्या तोवर मी घडी घातली आणि आतल्या कपड्यात, छातीशी ठेवली. सेबोमचं नाव तिथेच बरं.

मग डोळे.  मोबाइल भिंतीला टेकवून समोर उभा केला, आरशासारखा. त्यात बघत बघत घातले. उजवा थोडा बारीक. खाली काळी वर्तुळं होती, तीही घातली, फिकट.

बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "हे पोरीचे डोळे नाहीत."

"माहितीय."

"हे तुझे आहेत."

"माहितीय, बाई. तिचे नको, माझे जाऊ देत. चढवा आता."

त्यांनी चढवलं. मी मागे वळून बघितलं नाही. सासूबाईंनी बजावलं होतं.

२१ मार्च

सकाळी सात चाळीसला आत नेलं. माझ्या बोटाभोवतीची तिची मूठ नर्सनं सोडवली. एकेक बोट.

भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर नावं येतात. हान सेबोम – ऑपरेशन चालू. तेच. तेच. तेच.

सासूबाई पहिल्या बसनं आल्या. गमबुटांना अजून शेताची माती. माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसल्या. तासाभरानं डबा सरकवला – पेज, कालव्यांची. "खा. तुझं तोंड बघून डॉक्टर घाबरतील." मी खाल्ली. मीठ जास्त होतं. मी बोलले नाही, पहिल्यांदाच संधी आली होती तरी.

"दिलंस का नेऊन?"

"दिलं."

"डोळे?"

"घातले."

"आणि पोटाची खुंटी घट्ट आहे ना?"

मी हो म्हटलं. खोटं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, काम झालं अशी. नंतर त्या एकदम शांत झाल्या. मला ते आवडलं नाही. इकडे मी टीव्हीवरून नजर काढत नाही आणि ह्या बसल्यात सारं आवरून झाल्यासारख्या! गळ्यातला रुमाल सोडून नीट घडी केला, माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "कांद्याच्या शेताचे कागद तांदळाच्या डब्याखाली आहेत. माहीत असू दे."

आत्ता कशाला हे?

अडीच वाजता डॉक्टर आले. भोक बुजवलं. वाट मोठी केली. हृदय आपलं आपण चालू झालं. आजची रात्र जपायची, म्हणाले.

सासूबाई उठल्या. "सेबोम," म्हणाल्या. नुसतं तेवढंच, भिंतीकडे तोंड करून.

२२ मार्च

सकाळी नळी काढली. मला बघून ओठ वाकडे केले आणि रडली – ओठ लाल! लाल!

बाहेर आले आणि शेजारच्या पलंगावरच्या पोरीच्या आजोबांना कागद दाखवला. ते जुनी अक्षरं शिकवायचे. म्हटलं, माझ्या लेकीचं नाव कसं दिसतं ते तरी बघू दे. त्यांनी दोनदा वाचलं.

"यात लेकीचं नाव नाही. माक जोम-रे. जुन्या पंचांगाप्रमाणे डुकराच्या वर्षातला जन्म, दहावा महिना, चौथा दिवस. आणि खाली लिहिलंय – पोरीऐवजी मला न्या. कोण ही?"

माझी सासू.

समोरच्या बाकावर झोपल्यात, तोंड उघडं, एक बूट निसटलेला. जवळ जाऊन बघितलं. छाती वर-खाली होतेय.

कागद मी तोंडात घातला. चावला. गिळला. शाई कडू आहे.

आता कुणीच जायचं नाही.